कुडूच्या माळावरचा थांबा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मंजूषा खांबेटे बसच्या काचा आतून पुसत होती. डावी बाजू झाली होती, उजवी निम्मी राहिली होती. बस धुण्याचं काम पार्कच्या वेगळ्या माणसांचं, आणि ती माणसं ते नीट करतात; पण बाहेरून. आत आदल्या दिवशीच्या प्रवाशांच्या कपाळांचे आणि नाकांचे तेलकट ठसे तसेच राहतात आणि ते बरोबर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतात. अशा काचेतून लांबचा प्राणी आणि झुडूप यांत फरक कळत नाही. म्हणून पहिल्या फेरीआधी मंजूषा एक जुनं सुती कापड आणि व्हिनेगरचं पाणी घेऊन सगळ्या सीटांवरून फिरते. हे काम तिला कुणी सांगितलेलं नाही.

तिला सांगितलेलं काम म्हणजे बस चालवणं आणि चालवता चालवता बोलणं. नेदरलँड्सच्या दक्षिणेला, फेल्डहोवनपासून गाडीने पाऊण तासावर हे सफारी पार्क आहे. तिकिटावर ‘मार्गदर्शकासह आफ्रिकन सफारी’ असं छापलेलं असतं. ही आफ्रिका म्हणजे खंदक, तारा आणि पाइनच्या रांगा यांनी एकमेकांपासून तोडलेले मोठमोठे माळ. एकात जिराफ आणि झेब्रे, एकात गेंडे, एकात सिंह, एकात चित्ते. प्राणी खरे आहेत, गवतही खरं आहे, आणि पाऊस गरजेपेक्षा जास्त खरा आहे. फेरी साधारण पाऊण तासाची असते. मंजूषा आधी डचमध्ये सांगते, मग इंग्रजीत, आणि कोणाला काही चुकतंय असं वाटलं तर लोक तिला थांबवून विचारतात. ते इथे उद्धटपणाचं समजत नाहीत.

ऑक्टोबरमधल्या त्या रविवारी ड्रायव्हरच्या शेजारच्या घडीच्या सीटवर मार्लीन बसणार होती. मार्लीन म्हणजे सगळ्या बसफेऱ्यांची प्रमुख. उंच, पन्नाशीची, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढलेली. हिवाळी वेळापत्रक सोमवारपासून लागू व्हायचं होतं आणि त्यात मंजूषाचा थांबा ठेवायचा की काढायचा, हे मार्लीन त्या दिवशी बसमध्ये बसून ठरवणार होती. तिने तसं आठवडाभर आधी सरळ सांगितलं होतं. “मी घड्याळ बघणार, आणि लोकांचे चेहरे बघणार. मग सांगेन.”

थांबा असा होता. गेंड्यांच्या आणि चित्त्यांच्या माळामध्ये एक लांबट पट्टा आहे. उंच गवत, एका बाजूला बर्चची दाट झाडी, आणि त्यात चार कुडू. कुडू हे आफ्रिकेतलं मोठं हरीण. घोड्याएवढं असतं, अंगावर खडूने ओढल्यासारख्या उभ्या पांढऱ्या रेघा. एवढं मोठं जनावर झाडीत उभं राहिलं की दिसेनासं होतं. बाकीचे ड्रायव्हर तिथे वेग थोडा कमी करतात, इथे कुडू राहतात पण ते लाजाळू आहेत, असं म्हणतात आणि पुढे चित्त्यांकडे जातात. मंजूषा तिथे बस उभी करते, इंजिन बंद करते, माइक बंद करते आणि पाच मिनिटं काही बोलत नाही. प्राणी कुठे आहे हे ती तेव्हा सांगत नाही. कळलेलं असलं तरी नाही.

काही प्रवाशांना हे आवडायचं. काही जण घरी जाऊन इंटरनेटवर लिहायचे की ड्रायव्हर बाईंनी आम्हाला पाच मिनिटं गवत दाखवलं. मागून येणारी बसही कधीकधी अडकायची. मार्लीनकडे दोन्ही तक्रारी जमल्या होत्या.

हा थांबा मंजूषाने पार्कमध्ये शोधलेला नाही. तो तिने केनियातून आणला.

ती फेल्डहोवनला आली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. नवरा यशोधन चिप बनवण्याची यंत्रं करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या राहण्याच्या परवान्याला जोडलेला तिचा परवाना. पुण्यात ती एका सहकारी बँकेत होती. इथे पहिली तीन वर्षं घर, मुलगी जुई, आणि खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, लावून दिलेला डच भाषेचा वर्ग. मग सुपरमार्केटमध्ये रॅक भरले. मग या पार्कच्या तिकीटखिडकीवर हंगामी काम मिळालं. तिथे बसून ती रोज बस जाताना बघायची. एक दिवस तिने घरी जेवताना सांगितलं की मला बसचं लायसन्स काढायचंय. यशोधन म्हणाला, “बसचं? म्हणजे, बसचं?” जुई तेव्हा आठ वर्षांची होती. तिने डचमध्ये विचारलं की मोठी बस की छोटी. मोठी, म्हटल्यावर तिला पुरे झालं. पुढच्या उन्हाळ्यात, दुसऱ्या खेपेला, लायसन्स मिळालं.

केनियाची सहल सात वर्षांपूर्वीची. मे महिन्याच्या सुट्टीत फेल्डहोवनची दोन कुटुंबं मसाई माराला गेली होती: खांबेटे, आणि यशोधनच्या टीममधला शिरीष, त्याची बायको विशाखा. गाड्या दोन होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर बातमी आली की नदीच्या वळणावर बिबट्या झाडावर आहे. शिरीषची गाडी धूळ उडवत गेली. आणखी सहा गाड्या गेल्या. खांबेट्यांचा मार्गदर्शक सॅम्युएल म्हणून होता, साठीचा, फार न बोलणारा. त्याने गाडी वळवली, पण नदीकडे नाही. एका उघड्या माळावर नेऊन इंजिन बंद केलं, थर्मासमधला चहा ओतला आणि पुढे बघत बसला. यशोधनने विचारलं, “इथे काय आहे?” सॅम्युएल म्हणाला, “अजून मला माहीत नाही.”

यशोधन अस्वस्थ होऊन घड्याळ बघत राहिला. मंजूषाला आधी काहीच दिसलं नाही. मग गवताच्या एका गाठीला कान असल्याचं लक्षात आलं. मग त्याच्यामागे आणखी दोन. वाळवीच्या वारुळावर एक घुबड बसलं होतं. ती वारुळाकडे बराच वेळ बघत होती आणि ते तिला वारूळच वाटलं होतं. मग एक कोल्हीण दोन पिल्लांना घेऊन गाडीच्या सावलीपर्यंत आली. परत निघाल्यावर सॅम्युएलने प्रत्येकाला विचारलं की काय काय दिसलं. यशोधनला कोल्हीण दिसली होती. मंजूषा बराच वेळ सांगत राहिली.

त्या सहलीतला शिरीषने काढलेला बिबट्याचा फोटो अजून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. यशोधन अजून म्हणतो, “आपला बिबट्या हुकला.”

हे सगळं माहीत असणारी माणसंच त्या रविवारी पहिल्या फेरीला बसमध्ये चढली. शरद ऋतूची शाळेची सुट्टी चालू होती. फेल्डहोवनच्या पंधरा मराठी जणांचं बुकिंग शिरीषने केलं होतं: तो, विशाखा, पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेली त्याची आई कुमुदिनीबाई, कंपनीतली दोन-तीन तरुण जोडपी, आणि यशोधन. यशोधन तिच्या बसमध्ये याआधी एकदाच बसला होता, आणि तेव्हा तैवानहून फोन आल्यामुळे त्याने जिराफ पाहिले ते बोलता बोलता. बाकीच्या सीटांवर डच कुटुंबं होती.

“वहिनी, आज आम्ही आहोत. तुम्ही काळजी करू नका,” पायरीवर पाय ठेवत शिरीष म्हणाला.

“कसली काळजी?” मंजूषाने विचारलं.

“काही नाही. मस्त होणार.” त्याच्या हातात पार्कचा नकाशा होता, त्यावर पेनाने खुणा केलेल्या.

कुमुदिनीबाई मागोमाग चढल्या. “मंजूषा, मला खिडकी दे बाई. आणि हा नकाशा नको. हा सकाळपासून मला शिकवतोय कुठे काय दिसणार ते.”

तिने त्यांना डावीकडची खिडकी दिली. शिरीष, विशाखा आणि यशोधन उजवीकडे बसले. डब्यांचे आवाज झाले. विशाखाने मागच्या सीटवर चिवड्याची पिशवी दिली, तिथून ती एका डच मुलीपर्यंत पोचली. मार्लीनने मागे वळून बघितलं आणि पट्टा लावला.

रोज सकाळी ड्रायव्हरांना फोनवर एक संदेश येतो. कुठला प्राणी आजारी, कुठला माळ बंद. त्या दिवशीच्या संदेशात चित्ते होते. शुक्रवारच्या वादळात त्यांच्या कुंपणावर झाड कोसळलं होतं, रविवार असूनही दोन कामगार आत जाऊन तारा बसवत होते, आणि तिन्ही चित्ते रात्रीच्या खोल्यांमध्येच ठेवले होते. त्यांच्या माळाशी पोचल्यावर मंजूषा हे प्रवाशांना सांगणार होती. आधी सांगायची तिची पद्धत नाही. नसलेल्या प्राण्यांची यादी ऐकून कोणी बाहेर बघत नाही.

सव्वादहाला बस सुटली. जिराफ रस्त्यावरच उभे होते, त्यांनी काम सोपं केलं. एका गेंड्याने चिखलात बसून घेतलं. डच मुलांनी शेणाबद्दल प्रश्न विचारले, मंजूषाने उत्तरं दिली. शिरीष प्रत्येक प्राण्याला टाळ्या वाजवत होता. जरा जास्तच वाजवतोय, असं तिला आरशात बघताना वाटलं. मार्लीनने घड्याळ दोनदा पाहिलं.

कुडूच्या माळावर आल्यावर मंजूषाने बस कडेला घेतली. इथे आपण पाच मिनिटं गप्प बसणार आहोत, मीही बोलणार नाही, तुम्ही जे आहे ते बघा, असं तिने दोन्ही भाषांत सांगितलं आणि इंजिन बंद केलं. मोठी बस बंद झाली की काही क्षण अंगात घरघर राहते. ती गेली. डावीकडे बर्चची झाडं, पिवळी पानं, मागून ऊन. त्या पांढऱ्या खोडांमध्ये एक कान हलला. कुडूची मादी बसपासून वीसेक पावलांवर उभी होती. मंजूषाने ती बघितली आणि पुढच्या काचेतून समोर बघत राहिली.

मिनिटभर झालं नसेल, तोच उजवीकडून शिरीषचा आवाज आला.

“चित्ता! तो बघा, उंचवट्यावर!”

“हो, दिसला!” विशाखा म्हणाली.

“मलाही दिसला,” मागचं एक जोडपं एकदम म्हणालं. मग आणखी दोघे. हात उजव्या काचांकडे गेले. डच प्रवाशांना चित्ता हा शब्द कळायला भाषांतर लागलं नाही. डावीकडची माणसं उठून उजवीकडे आली, लहान मुलं सीटवर चढली, एक उंच बाप वाकून विचारत राहिला, “कुठे? कुठे?” आणि शिरीष त्याला बोटाने दाखवत राहिला. खंदकापलीकडे, चित्त्यांच्या माळावर, एक वाळूचा उंचवटा आहे. नेहमीच्या दिवशी चित्ते तिथेच बसतात.

मंजूषाने आरशात पाहिलं. सगळे उंचवट्याकडे बघत होते. यशोधन तिच्याकडे बघत होता. चित्ता दिसल्यावर कोणी बायकोकडे बघत नाही. काय चाललंय हे तिला तेवढ्यावरून कळलं.

पण कळणं आणि नियम या दोन गोष्टी वेगळ्या. पार्कमध्ये मांसाहारी जनावर जिथे असायला नको तिथे कोणालाही, अगदी लहान मुलाला, दिसलं असं कानावर आलं, तर आधी रेडिओवर सांगायचं आणि मग खात्री करायची. उलट क्रमाने नाही. चित्ते आत आहेत असं कागदावर होतं, उंचवट्यावर आहे असं सहा माणसं म्हणत होती, आणि त्या माळात दोन कामगार तारा ओढत होते. मार्लीनला नियम माहीत होता, तो तिनेच लिहिलेला होता. मंजूषाचा हात रेडिओकडे जातो की नाही, एवढंच ती बघत होती.

मंजूषाने रेडिओ उचलला. “बस चार, कुडूचा माळ. प्रवाशांना चित्त्यांच्या उंचवट्यावर चित्ता दिसल्याचं सांगतात. मला दिसत नाही. खात्री नाही.”

पलीकडून लगेच उत्तर आलं. सगळ्या बस जागच्या जागी. दारं बंद. पायवाटेवरच्यांना जवळच्या इमारतीत घ्या. कामगार गाडीत बसा, काचा वर. योरिस, खोल्यांमध्ये जाऊन चित्ते मोज. योरिस हा चित्त्यांना सांभाळणारा. तो पार्कच्या दुसऱ्या टोकाला होता.

डच प्रवाशांना हे सगळं ऐकू गेलं. बसमधला गलका एकदम थांबला. उंच बापाने मुलाला सीटवरून खाली घेतलं. मंजूषाने माइक चालू करून सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, बस बंद आहे, फक्त जागेवर बसा. मग तोच माइक, तोच आवाज, पण मराठीत:

“शिरीष, मला खरं सांग. तू चित्ता पाहिलास का?”

आवाज बसच्या सगळ्या स्पीकरमधून गेला. शिरीषने नकाशाची घडी घातली, उघडली.

“म्हणजे... तो तिथेच असतो ना? नकाशात तिथेच दाखवलाय.”

“पाहिलास का?”

“नाही.”

“विशाखा?”

विशाखाने मान हलवली. मागच्या जोडप्याने खाली बघितलं. डाव्या खिडकीशी, जागच्या न हललेल्या एकट्या कुमुदिनीबाई म्हणाल्या, “मी म्हणतच होते. मला तर काही दिसलं नाही बुवा.”

“काय म्हणतो तो?” मार्लीनने डचमध्ये विचारलं.

मंजूषाने जसंच्या तसं सांगितलं. “त्याने चित्ता नकाशात पाहिला.”

मार्लीनने एक श्वास सोडला. मंजूषाने रेडिओवर कळवलं की प्रवाशांनी बघितल्याचं मागे घेतलं आहे. उत्तर आलं की ठीक, तरी योरिस मोजेपर्यंत कोणी हलायचं नाही.

मग वाट बघणं आलं. इंजिन बंद, दारं बंद. हालचालीला मनाई, आणि बोलण्याची इच्छा कोणाला उरली नव्हती. फेल्डहोवनच्या मराठी मंडळाची पंधरा माणसं एका ठिकाणी असून कोणी बोलत नाही, असं वार्षिक सभेतही कधी घडलेलं नाही. काचा स्वच्छ होत्या. बाहेर वारा नव्हता.

“ह्या झाडाला गुडघे आहेत,” कुमुदिनीबाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी काचेवर बोट टेकवलं. “दोन पांढरी झाडं आहेत ना, त्यांच्यामधली दोन. त्यांना गुडघे आहेत.”

त्यांच्या मागची डच मुलगी, जिच्यापर्यंत चिवडा गेला होता, बोटाच्या रेषेत बघू लागली. तिला शब्द कळले नव्हते. ती काही वेळाने हळूच आईच्या दंडाला हात लावून दाखवू लागली. मग आईला दिसलं. अंगावरच्या रेघा खोडांपासून सुटल्या, मान कुठून सुरू होते ते कळलं, आणि कुडूची मादी एवढा वेळ समोरच असल्याचं एकेकाच्या ध्यानात येत गेलं. सगळ्यांच्या नाही. उंच बाप शेवटपर्यंत शोधत राहिला. यशोधन पट्टा सोडून पुढे झुकला होता आणि या वेळी तो मंजूषाकडे बघत नव्हता. मादीने दोन पावलं टाकली. तिच्यामागे, अजिबात अपेक्षा नव्हती तिथून, एक पिल्लू उठून उभं राहिलं. दोघं चालत झाडीत गेली.

रेडिओवर योरिस बोलला. “तीन. तिन्ही आत. एक झोपलाय.”

मंजूषाने इंजिन सुरू केलं.

फेरीनंतर तिला अर्ध्या तासाची सुट्टी होती. मंडळी फ्रीतच्या, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या, टपरीजवळ लाकडी टेबलावर डबे उघडून बसली होती. शिरीष टेबलाच्या टोकाला होता, हातात सँडविच, खात नव्हता.

“वहिनी, माइकवर नको होतं विचारायला,” तो म्हणाला. “बाजूला येऊन विचारलं असतंत, तरी सांगितलं असतं.”

“ड्रायव्हरची सीट सोडता येत नाही रे तेव्हा. आणि दोन माणसं गाडीत काचा वर करून बसली होती.”

“ते मला कुठे माहीत होतं?”

“तेच तर.”

विशाखाने मध्येच डबा पुढे सरकवला. “अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. आमचं सगळं ठरलं होतं. ग्रुपवर. तुझी ती मॅडम बसणार, तर त्या थांब्यावर सगळ्यांनी मिळून काहीतरी बघितल्यासारखं करायचं. काहीच दिसत नाही असं तिला वाटायला नको. शिरीषने चित्ता ठरवला. मी म्हणत होते ससा म्हणू या.”

“ससा चालला असता,” मंजूषा म्हणाली. “सशासाठी पार्क बंद करत नाहीत.”

कुमुदिनीबाई हसल्या. मग शिरीषसुद्धा, थोडासा.

“ग्रुपवर कोणी सांगितलं, मॅडम बसणार म्हणून?” तिने विचारलं, विचारायची गरज नव्हती तरी.

यशोधन पाण्याची बाटली उघडत होता. “मी सांगितलं. तू आठवडाभर नीट झोपत नव्हतीस. म्हटलं, आपली माणसं असतील तर बरं.”

“आणि चित्त्याची आयडिया?”

“त्याची. पण मी नको म्हटलं नाही.” त्याने बाटली टेबलावर ठेवली. “मंजू, मला खरंच वाटत होतं की तिथे काही दिसत नाही. तुझी आवड आहे, ठीक आहे. पण दिसत नाही, हे मी धरून चाललो होतो.”

तिने एक पुरी उचलली. आठवडाभर ती मार्लीनला काय सांगायचं याचा विचार करत होती. नवऱ्याला काही सांगायचं राहिलंय हे तिच्या मनात आलं नव्हतं. सात वर्षं तो बिबट्या हुकल्याचं सांगत होता आणि ती ते हसण्यावारी नेत होती. तो ते गंभीरपणे म्हणत असे.

“आज काय काय दिसलं तुला?” तिने विचारलं.

यशोधनने विचार केला. “पाय. मग रेघा. पिल्लू ते उठल्यावर दिसलं, त्याच्या आधी नाही.” मग म्हणाला, “काकूंनी दाखवलं नसतं, तर मला काही दिसलंच नसतं.”

“मला आता तरी खिडकीशी जागा मिळाली होती,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “पुण्यात प्रत्येक सहलीत हा शिरीष खिडकी घ्यायचा.”

पुढच्या फेऱ्या मंजूषाने नेहमीसारख्या केल्या. थांबा प्रत्येक वेळी घेतला. दुपारच्या दोन्ही फेऱ्यांना कुडू दिसले नाहीत, कोणालाच नाही, तिलाही नाही. एका आजोबांनी उतरताना हे तोंडावर सांगितलं. तिने हो म्हटलं.

पाच वाजता मार्लीनने तिला ऑफिसच्या मागच्या बाकावर बोलावलं. तिथे उभं राहून ड्रायव्हर सिगारेट ओढतात. त्या वेळी कोणी नव्हतं.

“सकाळच्या प्रकारामुळे नऊ बस अडकल्या,” मार्लीन म्हणाली. “तुझी चूक नाही. तू रेडिओ केला नसतास, तर आज आपण वेगळं बोललो असतो.”

“थांब्याचं काय?”

“सांगते. दुपारच्या फेऱ्यांतून तो जाणार. बस एकापाठोपाठ येतात, पाच मिनिटं परवडत नाहीत. आणि लोक उपाशी असतात, मुलं रडतात, कोणाला गप्प बसायचं नसतं. यावर चर्चा नको.”

मंजूषाने चर्चा केली नाही. तिला हे येणार याची कल्पना होती.

“पहिल्या फेरीच्या मागे लगेच बस नसते,” मार्लीन पुढे म्हणाली. “ती हिवाळाभर घे. पाटी लावून. ज्यांना शांत बसायचंय त्यांनी या, बाकीच्यांनी पुढची पकडा, असं दारावरच लिहायचं. डिसेंबरअखेर लोक आले नाहीत, तर बंद.”

“पाच मिनिटं?”

“आज योरिसचा निरोप येईपर्यंत किती झाली?”

“आठ.”

“मला ते पिल्लू सातव्या मिनिटाला दिसलं. त्याच्या आधी मला फक्त जंगल दिसत होतं, आणि मी इथे एकोणीस वर्षं आहे.” मार्लीन उठली. “सात घे. आणि एक नियम. त्या सात मिनिटांत कोणी काही दिसलं म्हणून ओरडायचं नाही. हात लावून शेजाऱ्याला दाखवा. काय दिसलं ते इंजिन सुरू झाल्यावर सांगा. असं आधीच जाहीर कर, तीन वेळा कर हवं तर.”

“मराठीत पण करू?”

मार्लीनने तिच्याकडे बघितलं. “मराठीत आधी कर.”

पाटी तिने त्याच संध्याकाळी ऑफिसमध्ये छापून घेतली. तिच्यावर प्राण्याचं चित्र टाकायचं का, असं विचारलं गेलं. ती नको म्हणाली. चित्र टाकलं की लोक तेच शोधतात. घरी यशोधनने पाटीचा फोटो मागितला आणि ग्रुपवर टाकला. शिरीषचं उत्तर आलं की पुढच्या महिन्यात परत येतो, नकाशाशिवाय.

उद्या सोमवार, हिवाळी वेळापत्रकाचा पहिला दिवस. बस चार सव्वादहाला सुटेल, अकरा जणांनी जागा घेतल्या आहेत. कुंपणाचं काम अपुरं असल्याने चित्ते उद्याही आतच असतील. कुडूच्या माळावर बस सात मिनिटं उभी राहील, इंजिन बंद.